केक वरून करपतो, आतून कच्चा राहतो? आधी जाळी खाली घ्या

निपाणीकडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांनी दिवाळीत 25 लिटरचा ओटीजी, म्हणजे विजेवरचा छोटा घरगुती ओव्हन, घेतला. केक वरून काळपट होतो, मधोमध फुटतो, सुरी घातली तर ओली येते आणि तळ मात्र पांढराफटक. नानकटाईची मागची ओळ करपते, पुढची कच्ची. कृतीत 180 अंश आणि 35 मिनिटं लिहिलंय, त्या तेवढंच करतात. जाळी कुठल्या खाचेत लावायची आणि डबा कसला घ्यायचा, ॲल्युमिनियमचा, काचेचा की काळा नॉनस्टिक, असं त्यांनी विचारलंय. सोबत फोटोही पाठवलाय. त्यात ओव्हनबरोबर मिळालेला काळा ट्रे मधल्या खाचेत सरकवलाय आणि त्यावर तीन इंच उंचीचा डबा ठेवलाय.

ताई, दोष तुमच्या केकमध्ये नाही, त्या फोटोत आहे. तो ट्रे बाहेर काढा. तारेची जाळी सगळ्यात खालच्या खाचेत लावा, डबा थेट जाळीवर ठेवा आणि तीच कृती तशीच पुन्हा करून बघा. मैदा, सोडा, दही कशालाही हात लावू नका. क्लासला येणाऱ्या दहाजणींतल्या आठजणी केक बिघडला की आधी कृती बदलतात. मग दोन गोष्टी एकदम बदलतात आणि खरं काय चुकलं ते कधीच कळत नाही.

आता असं का होतं ते सांगते. थोडं लांबेल, पण एकदा डोक्यात बसलं की कुठल्याही ओव्हनपुढे अडणार नाही.

माझे बाबा बेळगावला कॅम्पात बेकरीत भट्टीवर होते. विटांची भट्टी, आत लाकूड जाळायचं, निखारे एका बाजूला ओढायचे आणि ओल्या गोणपाटानं फरशी पुसून घ्यायची. त्यानंतर विस्तव फारसा काम करत नाही, विटांनी पिऊन ठेवलेली उष्णता काम करते. ती फरशीतून येते, घुमटातून येते, चारी बाजूंनी येते. भट्टी कडक असताना पाव, जरा उतरली की खारी आणि अगदी शेवटी नानकटाई. दिवाळीच्या आधी गल्लीतल्या बायका घरून पीठ मळून आणायच्या, बाबा लांब दांड्याच्या फळीनं पत्रे आत सारायचे. कुठला पत्रा कुठल्या कोपऱ्यात आणि तो किती वेळानं फिरवायचा, सगळं हाताला ठाऊक. त्यांना अंश कधी कळले नाहीत. हात आत घालून मनात आकडे मोजायचे आणि तेवढ्यावर ठरवायचे.

ओटीजी हे त्याच्या अगदी उलट यंत्र आहे. पातळ पत्र्याची पेटी, वर दोन रॉड, खाली दोन रॉड. भिंतींत उष्णता फारशी साठत नाही. रॉड तापून लाल झाले की त्यांची झळ सरळ रेषेत समोरच्या वस्तूवर पडते, उन्हासारखी. मध्ये काही आडवं आलं की त्याच्यामागे सावली. तुमच्या ओव्हनबरोबर मिळालेला ट्रे जवळजवळ पूर्ण रुंदीचा असतो. तो मधल्या खाचेत गेला की ओव्हनचे दोन मजले होतात. खालच्या रॉडची झळ ट्रेच्या पोटावर थांबते, वरच्या मजल्यावर वरचा रॉड एकटाच राज्य करतो. तळ पांढरा आणि माथा काळा, एवढं त्याचं साधं कारण.

आणि फुटतो कशानं? वरची साय लवकर वाळून कडक होते, मधलं मिश्रण अजून पातळ असतं. ते उशिरा फुगायला लागलं की वाट काढतं आणि माथा फोडून बाहेर येतं. थोडी भेग मीही चालवून घेते. ज्वालामुखी झाला तर मात्र वरची आच जास्त आहे असंच समजा.

खाच कशी ठरवायची? लोक म्हणतात ‘मधली खाच’. ते अर्धवट आहे. जाळी मध्यावर नको, पदार्थ मध्यावर हवा. छोट्या ओटीजीत वरच्या रॉडपासून खालच्या रॉडपर्यंत जेमतेम वीतभर जागा असते. तीन इंचाचा डबा मधल्या खाचेत ठेवला आणि केक फुगला, की माथा आणि रॉड यांच्यात दोन बोटं उरतात. म्हणून ओव्हन थंड असताना, वायर काढून, रिकामा डबा आत ठेवून बघा. केक फुगून डब्याच्या काठापर्यंत येणार असं धरा आणि त्या काठावर वरच्या रॉडपर्यंत किमान चार बोटं मोकळी आहेत का ते मोजा. नसतील तर जाळी आणखी खाली. उंच लोफ टिन, म्हणजे ब्रेडचा लांबट डबा, कायम सगळ्यात खाली. नानकटाई, बिस्किटं, कपकेक ही बुटकी मंडळी, त्यांना मधली खाच बरोबर. डबा भिंतींना किंवा दुसऱ्या डब्याला टेकवू नका, चारी बाजूंनी दोन बोटं हवा फिरू द्या. घाईत दोन अर्ध्या किलोचे डबे शेजारी शेजारी कोंबले की ज्या बाजू एकमेकींना चिकटल्या तिथेच केक बसका होतो. मी स्वतः ऑर्डरच्या नादात हे केलंय, एका वाढदिवसाला चंद्रकोरीच्या आकाराचा केक क्रीम भरून सरळ करावा लागला.

तो काळा ट्रे टाकून देऊ नका. केकला माथ्यावर रंग लवकर आला, तर तो अगदी वरच्या खाचेत छत्रीसारखा सरकवता येतो, जागा असेल तरच. नाहीतर फॉइलचा तुकडा केकवर सैल ठेवा. तळाच्या रॉडवर किंवा जाळीवर पूर्ण फॉइल मात्र कधीही पसरू नका. साफसफाई वाचते म्हणून बऱ्याचजणी पसरतात आणि मग ट्रेचंच दुखणं पुन्हा सुरू होतं.

आता 180 अंशांबद्दल. नॉबवर लिहिलेलं 180 म्हणजे आतलं 180 असं समजू नका. माझ्याकडे आजवर आलेल्या ओटीजींपैकी काही वीस अंश पुढे होते, काही तेवढेच मागे. ओव्हनचा छोटा थर्मामीटर मिळतो, जाळीला अडकवायचा, तो घ्याच. तोवर घरात साखर आहेच. साखर साधारण 186 अंशांना वितळते. फॉइलची छोटी वाटी करून त्यात चमचाभर साखर घाला, नीट तापलेल्या ओव्हनमध्ये जाळीच्या मध्यावर 180 वर 15 मिनिटं ठेवा. दाणे दाण्यांसारखे राहायला हवेत. मग नवी साखर घेऊन 190 वर 15 मिनिटं. आता ती वितळायला लागली पाहिजे. 180 लाच पाणी झालं तर तुमचा ओव्हन गरम डोक्याचा, 200 लाही ढिम्म राहिली तर थंड.

लाईटचाही विचार करा. संध्याकाळी गावात पंपाला करंट असला की व्होल्टेज किती पडतं ते आपण बल्बवरून ओळखतो. रॉडची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबानं उतरते. 230 च्या जागी 190 आले तर उष्णता सुमारे दोन तृतीयांशच उरते. थर्मोस्टॅट, म्हणजे नॉबवरची आच राखणारा भाग, जमेल तितकं सावरून घेतो, पण तापायला वेळ लागतो. खानापूरकडच्या माझ्या एका शिष्येचा केक सकाळी छान व्हायचा आणि संध्याकाळी बसायचा, कृती तीच. तिला मी एवढंच सांगितलं की संध्याकाळी ओव्हन 15 च्या जागी 25 मिनिटं आधी तापव. ओव्हनवरचा दिवा विझला म्हणजे ओव्हन तयार झाला असंही नाही. आतली हवा तापली इतकंच, पत्रा अजून तापायचा असतो. दिवा विझल्यावर आणखी सात-आठ मिनिटं थांबा.

नानकटाईची मागची ओळ करपते त्याचं कारण दार. दाराच्या काचेतून आणि फटीतून उष्णता जाते, त्यामुळे पुढचा भाग कायम थोडा मागास. तुमच्या ओव्हनचा नकाशा एकदाच काढून ठेवा. ब्रेडच्या स्लाइस जाळीभर शेजारी शेजारी मांडा, 180 वर आठ-दहा मिनिटं ठेवा आणि रंग बघा. कुठली स्लाइस आधी तांबूस झाली? तिथला कोपरा गरम. फोटो काढून ओव्हनला चिकटवून टाका. मग नानकटाईला दोन तृतीयांश वेळ झाला की ट्रे मागचा पुढे फिरवायचा. केकही फिरवायचा, पण त्याआधी दार उघडायचं नाही. अर्धवट शिजलेल्या केकवर गार हवा आली की तो मधोमध खचतो आणि परत उठत नाही.

नानकटाई उंच काठाच्या ट्रेमध्ये लावू नका, काठाची सावली पडते. ट्रे पालथा घालून त्याच्या पाठीवर लावा, बेकरीतले पत्रे असेच जवळजवळ सपाट असतात. तळ लवकर लाल होत असेल तर दोन पत्रे एकावर एक ठेवा, मधली हवा आच अडवते. दुसरा घाणा गरम ट्रेवर कधीही मांडू नका. तूप ओव्हनमध्ये जायच्या आधीच सुटतं आणि नानकटाई पसरून पापडासारखी होते. आणि दोन खाचांत दोन ट्रे? आत पंखा असेल तर चालेल, मध्येच खालचा-वरचा बदला. पंखा नसेल तर एका वेळी एकच. घाई करून काहीही वाचत नाही.

डब्यांकडे येऊ. तुम्ही तीन पर्याय दिलेत, माझं उत्तर एकच आहे: साधा, फिक्या रंगाचा, जरा जाड पत्र्याचा ॲल्युमिनियमचा डबा. बेळगावात इंडालच्या (आताच्या हिंडाल्कोच्या) ॲल्युमिनियम कारखान्यामुळे हा धातू तसा घरचाच. ॲल्युमिनियम स्टीलच्या साधारण पंधरा पट आणि काचेच्या दोनशे पट उष्णता पुढे नेतो. म्हणजे तळाला एका जागी आच लागली तरी तो ती पटकन सगळीकडे वाटून टाकतो. स्टीलचा डबा हेच करत नाही, म्हणून घरातल्या स्टीलच्या डब्यात केलेल्या केकला तळाला डाग पडतात. खडेबाजारात डबा घेताना दोन्ही अंगठ्यांनी तळ दाबून बघा. टणटण करून आत-बाहेर होत असेल तर तो 200 अंशांना वाकणार आणि केक एका बाजूला कलणार. काठ सरळ उभे हवेत, वर पसरट होत गेलेले नकोत. काम झाल्यावर ॲल्युमिनियम घासून चकचकीत करायच्या मागे लागू नका, आणि डिशवॉशरमध्ये तर घालूच नका, काळा पडतो.

काळा नॉनस्टिक वाईट नाही, पण तो काळा आहे हे लक्षात ठेवा. उन्हात काळी छत्री तापते तसा तो झळ जास्त पितो. कडा आणि तळ लवकर लाल होतात, मधला भाग मागे राहतो. त्यात केक करायचा तर नॉब 10 ते 15 अंश खाली घ्या आणि पाच मिनिटं आधी बघायला सुरुवात करा. ब्रेडला मात्र मला काळाच डबा आवडतो, कवच खमंग येतं. केक सोडवताना आत सुरी फिरवू नका, लाकडी किंवा प्लास्टिकची पट्टी घ्या.

काच ही सगळ्यात फसवी. दिसायला सुंदर, तळाचा रंग बघता येतो, पण ती सुस्त आहे. आधी तापत नाही, आणि एकदा तापली की गार होत नाही. केक बाहेर काढल्यावरही ती त्याला दहा मिनिटं शिजवत राहते, म्हणून कडा कोरड्या. पुडिंग, मॅकरोनी, ब्रेडचा हलवा, जे भांड्यातूनच वाढायचं ते काचेत करा. केकच करायचा असेल तर 15 अंश कमी ठेवून वेळ थोडा वाढवा. फ्रिजमधलं काचेचं भांडं थेट गरम ओव्हनमध्ये, किंवा गरम भांडं ओल्या ओट्यावर, असं कधीही करू नका. माझा एक बोल तसाच गेला आणि तुकडे उचलण्यात पूर्ण दुपार गेली.

सिलिकॉनचे साचे मी कपकेकपलीकडे वापरत नाही. रंगच येत नाही. वापरायचेच तर जाळीवर ठेवून भरा, भरून उचलायला गेलात तर मिश्रण ओट्यावर.

आता एक गोष्ट, जी कुणी विचारत नाही आणि जिच्यामुळे अर्धे केक कच्चे राहतात. डब्याचं माप. सहा इंची आणि आठ इंची गोल डब्यात दोनच इंचांचा फरक वाटतो, पण आठ इंचीत पावणेदोन पटींहून जरा जास्त मिश्रण मावतं. आठ इंची चौकोनी डब्याची कृती असेल तर ती नऊ इंची गोल डब्यात जशीच्या तशी बसते. तीच तुम्ही सात इंची गोल डब्यात ओतलीत तर मिश्रणाची उंची दीडपटीच्या पुढे जाते आणि मग 35 मिनिटांत मध्यापर्यंत आच पोचणारच नाही. डबा अर्धा ते दोन तृतीयांश भरा, त्यावर नाही. उरलेल्याचे दोन कपकेक करा, मुलं खूश.

आपल्याकडे बहुतेक घरांत बिनअंड्याचाच केक लागतो, म्हणून हे जास्तच महत्त्वाचं. दही-सोड्याचं मिश्रण जड असतं, त्याला धरून ठेवायला अंडं नाही. ते उंच डब्यात बिचारं आपल्याच वजनानं दबतं. बिनअंड्याला पसरट डबा, दोन इंचांपेक्षा उथळ थर, 165 ते 170 अंश आणि वेळ जास्त. रव्याच्या केकलाही हेच. माथा सपाट हवा असेल, क्रीम लावायचं असेल, तर जुन्या टॉवेलची लांब पट्टी भिजवून पिळून फॉइलमध्ये गुंडाळा आणि डब्याभोवती बांधा. कडा गार राहतात, कडा आणि मध्य बरोबरीनं फुगतात. पट्टीचं टोक रॉडकडे लोंबत नाही ना, एवढं तपासा.

वरची खाच कधी वापरायची? गोव्याच्या बेबिंकासाठी. आपल्याकडून घाट उतरला की गोवा, ख्रिसमसला कॅम्पातल्या घरांतून मला बेबिंकाचं विचारणं येतं. एकेक थर ओतायचा आणि वरूनच भाजायचा, पूर्वी झाकणावर निखारे ठेवून करत. ओटीजीत पहिला थर दोन्ही रॉडवर, नंतरचे सगळे वरच्या खाचेत फक्त वरच्या रॉडवर, दारापासून न हलता. वरच्या रॉडचं खरं काम हे, नाहीतर चीज वितळवणं.

याच्या उलट पिझ्झा, त्याला तळाची आच हवी. त्यासाठी दगड विकत घेऊ नका. भाकरीचा लोखंडी तवा, बिनमुठीचा, सगळ्यात खालच्या जाळीवर पालथा ठेवा आणि 250 वर अर्धा तास तापू द्या. पिझ्झा त्याच्या पाठीवर सरकवा. पालथ्या भांड्यावर भाजणं आपल्याला नवं थोडंच आहे? बेळगावचे मांडे पालथ्या खापरावरच होतात.

ज्यांच्याकडे ओटीजी नाही, कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह आहे, त्यांनी दोन स्टँडपैकी बुटका घ्यावा. त्यात पंखा असतो, म्हणून कृतीतल्या आकड्यातून 15 ते 20 अंश वजा. धातूचा डबा कन्व्हेक्शनवर चालतो, मायक्रोवेव्हवर नाही, बटण दोनदा बघून दाबा. कुकरमध्ये मीठ पसरून करता? तिथेही स्टँड उंच ठेवा, रिंग आणि शिटी काढा, बाकी सगळं तेच.

‘बेळगाव उंचावर आहे म्हणून केक बिघडतो’ असंही एकीनं मला सांगितलं होतं. आपण समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटरवर, पाणी इथे शंभराऐवजी साडेसत्त्याण्णव अंशांच्या आसपास उकळतं. कृती बदलावी इतकी ही उंची नाही. उंचीचा हिशेब 900 मीटरच्या पुढे धरतात. आपला खरा वैरी पावसाळा. जुलैत खानापूर-बेळगावकडे हवा इतकी ओली असते की नानकटाई बाहेर काढून तासभर उघडी ठेवली तरी मऊ पडते. म्हणून गार करायलाही जाळीच. केक डब्यात दहा मिनिटं ठेवा, मग उलटा करून जाळीवर काढा. डब्यातच राहिला तर वाफेचं पाणी होऊन तळ चिकट होतो. बिस्किटं जाळीवर पूर्ण गार झाली की लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात. कोमट असताना झाकण लावलंत तर तीच वाफ आत अडकते.

ताई, आधी फक्त जाळी बदलून तीच कृती करून बघितलीत की त्यानंतरच्या वेळी ट्रे बाहेर, जाळी खाली, ॲल्युमिनियमचा सात इंची डबा अर्धाच भरलेला, नॉब 170 वर. 30 मिनिटांनी काचेतून बघा, दार उघडू नका, आणि कापलेल्या तुकड्याचा फोटो पाठवा. माथ्याचा नको, तळाचा पाठवा, मला त्यातूनच कळेल.